ऑपरेटरची चूक

केसरीनाथशेठनं आपल्या कॉम्प्युटरच्या क्लासला आईचं नाव दिलं होतं, 'आक्का कॉम्प्युटर सेंटर', आणि सर्व्हरच्या डोक्यावर लिंबू-मिरची बांधली होती. एवढ्यावरून मी त्या माणसाची किंमत ठरवून टाकली. मानकोलीकडची जमीन विकून भिवंडीत लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना टाकायचा, आणि शेजारच्यानं कॉम्प्युटरचा क्लास काढला म्हणून त्याच कारखान्याच्या माडीवर आपणही काढायचा, यापलीकडे त्याची अक्कल धावत नसणार असं मला वाटलं. साल चौऱ्याण्णव. कॉम्प्युटरमधलं कळणारी जी मूठभर माणसं तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती, त्यांत मी स्वतःला पहिल्या पाचांत धरायचो.

मी ठाण्याच्या एका देखभाल कंपनीत इंजिनियर होतो. आक्का सेंटरमध्ये एक सर्व्हर आणि दहा मशीन होती. त्या दहांत डिस्क नव्हती. डिस्क नसली की पोरं गेम भरत नाहीत आणि व्हायरस येत नाही, असं विकणाऱ्यानं शेठला पटवलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण डिस्क नसलेलं मशीन हा परावलंबी जीव. बटण दाबलं की ते केबलवरून सर्व्हरला हाक मारतं. सर्व्हर त्याला उठण्यापुरत्या फायली पाठवतो, मग ते जागं होतं. हाक पोचली नाही, किंवा उत्तर अर्ध्या वाटेत तुटलं, की पडद्यावर एकच ओळ येते: सर्व्हर सापडत नाही. केबलही एकच, काळी, या मशीनकडून त्या मशीनकडे गेलेली. ती एका जागी तुटली तरी दहाही मशीन आडवी होतात.

सेंटर सांभाळायला चंपा नावाची मुलगी होती. दिघाशीहून एसटीनं यायची. सकाळी आठला कुलूप काढायचं, मशीन उठवायची, पोरांना शिकवायचं, सगळं तीच करायची. घरात कमावणारी ती एकटी. अंगानं बारीक, आवाज त्याहून बारीक. हातात कायम एक लांबोडकं रजिस्टर, त्यात ती रोज काहीतरी लिहीत बसायची. मी तिलाही पहिल्याच दिवशी निकालात काढलं. सहा महिन्यांचा कोर्स केलेली पोरगी, बटण आणि बल्ब यातला फरक कळला तरी पुष्कळ.

दिवाळीनंतर तक्रारी सुरू झाल्या: मशीन उठत नाहीत. भिवंडीचा कॉल आला की मी तो शुक्रवारी लावून घ्यायचो. शुक्रवारी आई घरी असायची. कॉल आटोपायचा, तिच्याकडे जाऊन बोंबलाचं कालवण-भात जेवायचं आणि कंपनीच्या भाड्यानं ठाण्याला परत जायचं. माझी आई हौसा तीस वर्षं लूमच्या कारखान्यात कांड्या भरत होती. म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्याचं सूत छोट्या छोट्या कांड्यांवर गुंडाळून द्यायची. तिच्या केसांत, पापण्यांत, भाकरीच्या डब्यात कापसाचा कोंडा असायचा. मला त्या कोंड्याची किळस होती. कोणी विचारलं तर मी ठाण्याचा म्हणून सांगायचो, आणि कुठल्याही लूमच्या कारखान्यात पुन्हा पाय ठेवायचा नाही असं ठरवून टाकलं होतं.

पहिल्या शुक्रवारी गेलो. दहाही मशीन एका दमात उठली. पुन्हा बंद केली, पुन्हा उठली. केबलच्या टोकाला मीटर लावला. पंचवीस ओहम यायला हवेत, बरोबर पंचवीस आले. मी चंपाकडे पाहिलं.

"काय बिघडलंय यात?"

"सर, खाली लूम चालू असले की नाही उठत," ती म्हणाली. "कधी दोन उठतात, कधी एकपण नाही. आज शुक्र—"

"मला वार शिकवू नका," मी म्हटलं. "तुमच्या मशीनची वीज वेगळी आहे, स्टॅबिलायझर वेगळा आहे. लूमचा आणि नेटवर्कचा काय संबंध? कुठे शिकलात?"

 कुठे शिकली ते मला ठाऊक होतंच, पण तिच्या तोंडून ऐकायचं होतं. ते तिनं सांगितलं नाही, म्हणून मी जास्त चिडलो. कंपनीच्या कामाच्या स्लिपवर लिहिलं: तपासणी केली, सर्व ठीक, कारण: ऑपरेटरची चूक. तिनं रजिस्टर पुढे केलं, मी न वाचता सही ठोकली आणि तारीख टाकली.

दोन आठवड्यांनी पुन्हा कॉल, पुन्हा शुक्रवार, पुन्हा दहाही मशीन ठणठणीत. "सर, एकदा मंगळवारी किंवा बुधवारी याल का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "मी कधी यायचं ते तुम्ही ठरवणार?" पुन्हा तीच स्लिप, तीच सही. शेठ काही भेटला नाही. तो दर शुक्रवारी वज्रेश्वरीला देवीच्या दर्शनाला जायचा. बरंच झालं, असल्या माणसाला समजावत बसण्यापेक्षा कागद ठेवून निघालेलं परवडतं.

तिसऱ्या शुक्रवारी तर वर्गात पोरं बसलेली होती, दहा-बारा जण. मशीन नेहमीसारखी उठली. चंपानं तोंड उघडलं, "सर, लूम—" आणि माझा तोल गेला.

"नाचता येईना अंगण वाकडं, तसं तुमचं झालंय. मशीन उठवता येईना, लूम वाकडे!"

पोरं खिदळली. मला बरं वाटलं. हे मी लपवत नाही, त्या वेळी मला खरंच बरं वाटलं. तिचे कान लाल झाले आणि ती फडक्यानं एक आधीच स्वच्छ असलेला पडदा पुसत राहिली. त्या दिवशीच्या स्लिपवर मी एक ओळ जास्त लिहिली: ऑपरेटर बदलावा.

त्या ओळीचं पुढे काय झालं ते मला जानेवारीत कळलं. परीक्षा मंडळानं आक्का सेंटरला परीक्षेचं केंद्र दिलं होतं. दिघाशी, वज्रेश्वरी आणि आसपासच्या गावांतली वीस मुलं, दहा-दहाच्या दोन बॅचेस, शनिवारी अकरा वाजता. मशीन उठली नाहीत तर मुलांचं वर्ष जाणार होतं. आणि शेठनं चंपाला माझी स्लिप दाखवून सांगितलं होतं, "परीक्षेच्या दिवशी एक जरी मशीन अडली ना बाय, तं सोमवारपासून तू घरी. आनि कुनाला विचारलं तर मी हाच कागद दाखवनार." भिवंडीत तेव्हा कॉम्प्युटरचे क्लास होते पाच-सहा. असला कागद फिरला की तिला कोणी दारात उभं करणार नव्हतं.

कंपनीनं मला त्या शनिवारी सकाळी हजर राहायला सांगितलं. रिक्षातून उतरलो तेव्हा खालच्या कारखान्याचा आवाज छातीत बसला. चाळीस लूम एकदम चालू. जिना पायाखाली थरथरत होता आणि जिन्यावर मुलं पॅडं मांडीवर घेऊन बसली होती. मी त्यांच्यातून वाट काढत वर गेलो. तिथे दहाच्या दहा पडद्यांवर एकच ओळ होती: सर्व्हर सापडत नाही.

शेठ पांढरा सफारी घालून उभा होता. चंपा एकेक मशीन बंद करून पुन्हा चालू करत होती. 

"बघा आता," शेठ म्हणाला. "साडेनऊ झाले. अकराला परीक्षक येनार."

मी काय म्हणालो ते सांगायची लाज वाटते, पण सांगायलाच हवं. मी म्हणालो, "नोकरी जाणार म्हणून मुद्दाम काहीतरी केलं असेल."

चंपानं माझ्याकडे पाहिलं. रडली नाही. पुढच्या मशीनचं बटण दाबलं.

मी सगळी मशीन बंद करायला लावली आणि शेवटच्या मशीनपाशी केबलला मीटर लावला. पंचवीसवर काटा स्थिर राहायला हवा होता. तो नाचत होता. वर जायचा, खाली पडायचा, पुन्हा वर. मी क्लिप दाबून पाहिली, मीटर बदलला. काटा नाचतच राहिला, आणि थोड्या वेळानं माझ्या ध्यानात आलं की तो खालच्या लूमच्या ठोक्यावर नाचतोय. ठक् खाली, ठक् वर. लहानपणी ज्या ठोक्यावर मी झोपलो, तोच.

"लूम थांबवता येतील? एक मिनिट?" मी विचारलं. 

शेठ तोंड उघडेपर्यंत चंपा जिन्यावरून खाली धावली होती. हळूहळू एकेक लूम थांबला. शांतता पसरली आणि काटा पंचवीसवर येऊन गप्प उभा राहिला. मी खिडकीतून हात केला. लूम सुरू झाले, काटा नाचायला लागला.

दोन महिने ती हेच सांगत होती.

केबल सर्व्हरच्या खोलीतून निघून वर्गात येत होती. दोन्हींच्या मध्ये जिना. केबल टाकणाऱ्यानं जिन्याला वळसा नको म्हणून जमिनीला भोक पाडलं होतं, केबल खाली कारखान्यात सोडली होती आणि पलीकडच्या भोकातून वर काढली होती. तीन स्लिपांवर मी 'तपासणी केली' असं लिहिलं होतं. खाली मी एकदाही गेलो नव्हतो. शुक्रवारी कारखान्याला कुलूप असतं, आणि ते नसतं तरी मी गेलो नसतो.

आता गेलो. दारातच कोंडा तोंडावर आला. केबल छताच्या तुळईला धरून गेली होती, आणि चौथ्या लूमच्या वर एका जागी तिला वीतभर सुती धागा गुंडाळलेला होता. घट्ट, एकसारखा, वर मेण फिरवलेला. मी तो लूम थांबवायला लावला आणि त्याच्या कडेवर चढून धागा कापला. आत केबल तुटलेली होती आणि जोडलेली होती. आतली तार आतल्या तारेला, बाहेरची जाळी बाहेरच्या जाळीला, मध्ये विडीच्या बंडलाचा कागद. आतल्या तारेला चक्क गाठ मारली होती. ती गाठ मला पाठ होती. माझी आई दिवसातून शंभरदा मारायची, न बघता.

"कुणी केलं हे?"

तुळशीराम पुढे आला. कारखान्याचा जॉबर, म्हणजे लूम दुरुस्त करणारा मिस्त्री, पन्नाशीचा. भीतीचा लवलेश नव्हता तोंडावर.

"मीच. दिवालीच्या मागारी आडवा धागा नेनारा धोटा उडाला लूममधनं, त्याच्या टोकानं वायर कापली. मी जोडली. का, सुटली का काय?"

"वर सांगितलं का नाही?"

"त्यात सांगायचं काय?" त्याला खरंच कळेना. "धागा तुटला तं जोडायचा. परत्येक धाग्याला शेठकडं पळालो तं लूम कवा चालवायचा? आनि ज्याची गाठ दुसऱ्याला दिसती, तो कारागीर कसला?"

त्याच्यावर ओरडायला मी तोंड उघडलं होतं. ते तसंच मिटलं. हे कारखाने चालतातच असे. तुटलेलं कोणी सांगत नाही, कारण सांगणाऱ्यालाच बोलणी बसतात. तो गुपचूप जोडतो, आणि इतकं सुबक जोडतो की कुणाला पत्ता लागत नाही. सुताला ते चालतं. केबलला चालत नाही, लूम हादरले की गाठीतला धातू किंचित सुटतो आणि पुन्हा चिकटतो, सेकंदाला दोन-तीनदा. तेवढ्यानं वर मशीनला पाठवलेल्या फायलींचा चुराडा होतो. लूम थांबले की गाठ पुन्हा पक्की. तुळशीरामला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. ते ठाऊक असण्याचा पगार मला मिळत होता.

तुटका तुकडा कापला, दोन्ही टोकांना कनेक्टर बसवले, मध्ये सांधा घातला आणि केबल तुळईपासून सोडवून भिंतीला घेतली. वीस मिनिटांचं काम. वर येऊन बटणं दाबली. लूम चालू असताना, जमीन हादरत असताना, दहाही मशीन उठली. दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. परीक्षक आले, पहिली बॅच बसली, आणि जिन्यावरची उरलेली मुलं पेन्सिलीला टोक काढत राहिली.

शेठ खूश. मला ऑफिसात बसवून चहा मागवला. चंपा रजिस्टर घेऊन दारात उभी होती.

"याला म्हनतात इंजिनियर!" तो म्हणाला. "येका तासात पकडलं. आनि ही दोन महिने नुसती रडगानी गात बसली. बाय, तुझं आपलं ठरल्यापरमानं. सकाली मशीन अडली व्हतीच."

मी चहा पीत राहिलो.  आज ठामपणे लिहितो तसा तेव्हा मी नव्हतो. कंपनीत माझी बढती व्हायची होती आणि शेठ कौतुक करत होता.

चंपा आत आली. रजिस्टर माझ्यापुढे उघडून ठेवलं.

"सर, सही. आणि वार पण लिहा."

मी सही केली आणि शनिवार लिहिलं. तिनं पान उलटं चाळलं आणि बोट ठेवलं. "इथे पण राहिलाय वार. आणि इथे. आणि इथे."

तेव्हा मी ते रजिस्टर पहिल्यांदा वाचलं. रोजची एक ओळ. सोमवार, आठ वाजता, लूम चालू, एकही मशीन नाही. मंगळवार, लूम चालू, दोन उठली. बुधवार, दुपारी वीज गेल्यामुळे लूम बंद, इकडे बॅटरीवर सर्व उठली. दोन महिन्यांत एक दिवस चुकला नव्हता. माझ्या येण्याच्या दिवसांपुढे तिनं वाराची जागा मोकळी सोडून फक्त लिहिलं होतं: इंजिनियर आले, सर्व ठीक. खाली माझी ऐटबाज सही. दोष शोधायची जी पद्धत मी कॉलेजात शिकलो आणि विसरलो, ती या मुलीनं कुणी न शिकवता रेघा मारून मांडली होती. त्या नोंदींखाली मी तीनदा सही केली होती आणि तीनदा त्या वाचल्या नव्हत्या.

मी लिहिलं. शुक्रवार. शुक्रवार. शुक्रवार.

शेठ वाकून बघत होता. त्याला एक क्षणही लागला नाही.

"शुक्रवारी? तिन्ही टायमाला शुक्रवारी?" तो मोठ्यांदा हसला. "अवो, शुक्रवारी आख्ख्या भिवंडीत लूम बंद! तवा तुमाला काय गावनार?" मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ द्या. ठान्याच्या मानसाला कसं ठावं असंल. पन हिला ठावं व्हतं. हिनं सांगायला नको?"

वाट मोकळी होती. मान हलवली असती तरी पुरे होतं. चंपा माझ्याकडे बघतही नव्हती. तिची नजर रजिस्टरवर होती, जिथे शाई अजून ओली होती.

"तिनं सांगितलं होतं," मी म्हणालो. "तिन्ही वेळा. मीच तिला गप्प केलं. आणि शेठ, मी ठाण्याचा नाही."

"मंग कुठला?"

"भिवंडीचा. माझी आई कांड्या भरते. शुक्रवारी ती घरी असते, म्हणून मी शुक्रवारी यायचो."

शेठचा हात माझ्या खांद्यावरून निघाला. तो मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत राहिला, लिंबू-मिरचीकडे बघून मी त्याला जोखलं होतं अगदी तसं. माझ्या तीन स्लिपा त्यानं खणातून काढल्या, चौघडी करून फाडल्या आणि कपाखालच्या बशीत टाकल्या.

"आईला ठावं हाय का, तू कुठला म्हनून सांगतो ते?"

उत्तराची वाट न बघता तो चंपाकडे वळला.

"बाय, सोमवारी नेहमीच्या टायमाला ये. आनि ह्यो परत आला, तं आदी वार बघ, मंगच आत घे."

चंपा हसली नाही. तिनं माझ्या चौथ्या सहीवर टिपकागद दाबला, रजिस्टर बंद केलं आणि दुसऱ्या बॅचची नावं पुकारायला जिन्यावर गेली.